भर दुपारची पारख

ऐरोलीत खोली बघायला कधी येऊ, असं विचारायला मी फोन केला, तेव्हा पलीकडच्या गृहस्थांनी मी कुठे काम करते, एकटी आहे का, मांसमच्छी खाते का, यातलं काहीच विचारलं नाही. म्हणाले, उद्या भर दुपारी या. जेवणं उरकल्यावर, ऊन अगदी टाळूवर असताना. ऑफिस सुटल्यावर संध्याकाळी आले तर चालेल का, असं मी विचारलं, तर म्हणाले, संध्याकाळी काय, सगळंच बरं दिसतं.

मे महिना होता. मी अर्धी रजा टाकून गेले. रो-हाऊसचं फाटक त्यांनीच उघडलं. अंगात बाह्यांचं बनियन, खाली पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा, डोक्यावर गवताची टोपी. मला वाटलं, आत बोलावतील, पाणी देतील. त्यांनी मला अंगणातच उभं केलं आणि गावाकडची चौकशी सुरू केली. त्यांच्यामागे फुलांची नुसती आग लागली होती. राणी रंगाची बोगनवेल, तिच्याखाली लाल कर्दळ, तिच्या पायाशी पिवळाधमक झेंडू. बोलता बोलता ते माझ्याकडे, भाजीवाल्याकडचा कोबी हातात घेऊन आपण बघतो, तशा नजरेनं बघत होते. उन्हानं डोकं दुखतं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काका, मी सोलापूरची. आमच्याकडे याला ऊन म्हणत नाहीत.

त्यांनी घराकडे तोंड करून हाक दिली, "अगं, ही उन्हाळी आहे. राहील."

वरची खोली मला अशी मिळाली. लग्न होऊन खारघरला जाईपर्यंत मी त्यांच्याकडेच राहिले. एवढ्या वर्षांत मी त्यांना काकाच म्हणत आले, म्हणून इथंही काकाच म्हणते.

ही परीक्षा एकट्या माझीच नव्हती, हे मला काकूंनी पुढे सांगितलं. त्यांच्या जावयालाही मुलगी बघायला एप्रिलातल्या दुपारी बोलावलं होतं. बिचारा टाय लावून आला होता. त्यानं पाणी दोनदा मागितलं, पण टाय सैल केला नाही, म्हणून पास झाला. गच्चीला डांबर लावणारा, घरकामाला येणारी मावशी, केबलवाला, सगळे दुपारच्या चाळणीतून गाळून आलेले. काकू म्हणायच्या, नशीब माझं लग्न थंडीत ठरलं.

या नियमाचं मूळ कारखान्यात होतं. काकांनी सगळी नोकरी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रंगाच्या कारखान्यात काढली. काम शेड जुळवण्याचं. गिऱ्हाईक एखादा पत्र्याचा तुकडा, कपड्याची चिंधी, कधी जुन्या खुर्चीचा पाय पाठवायचं, आणि अगदी तोच रंग बनवून द्यायचा. पुढे रंग मोजायचं यंत्र आलं. पण यंत्राचं आणि काकांचं जमलं नाही, की साहेब काकांना विचारायचे. कारखान्याच्या गच्चीवर रंगवलेले पत्रे महिनोन् महिने उन्हात मांडून ठेवलेले असत. कोण विटतो, कोण टिकतो ते बघायला काका दुपारी शिडी चढून जायचे. "सावलीत सगळे रंग सज्जन असतात," हे वाक्य त्यांनी तिथून आणलं आणि ते लोणच्यासारखं प्रत्येक जेवणात वाढलं.

निवृत्त झाल्यावर हातात उरली ती घरापुढची माती. दोन खाटा टाकल्या तर चालायला जागा उरणार नाही, एवढीच. पण तिच्यात उन्हाळ्यात काय लावायचं, हा काकांच्या वर्षातला सगळ्यात गंभीर निर्णय असायचा. थंडी ओसरू लागली की ते छत्री आणि घडीचं स्टूल घेऊन रोपवाटिकेत जायला लागत. तेही अर्थात भर दुपारी. ती रोपवाटिका घणसोली गावातली एक बाई चालवायची. एकदा सुट्टीच्या दिवशी मीही गेले होते. काकांनी झिनियाच्या वाफ्यासमोर स्टूल मांडलं, छत्री उघडली आणि बसले. बोलले नाहीत, हात लावला नाही. कोण मान टाकतं ते नुसतं बघत बसले. बाई हिरव्या जाळीच्या सावलीत आडवी झाली होती. तिनं तिथूनच सांगितलं, "काका, या टायमाला मान्सं पन मान टाकतान. झाडांचा काय घेऊन बसलाव."

काकांवर परिणाम झाला नाही. झिनिया पास झाली. गलार्डिया तर त्यांची लाडकी, तिला ते 'पहिल्या बाकावरची' म्हणायचे. केशरी कॉसमॉस थोडा वाकला, पण वाऱ्याची झुळूक येताच पुन्हा ताठ झाला, म्हणून त्याला वरचे गुण देऊन घेतला. पिटुनियाकडे बघून ते हळहळले, की हे थंडीतलं लेकरू, याला उन्हाळ्यात कुणी आणलं. आणि चिनी गुलाबाला त्यांनी कधीच माफ केलं नाही. तो सकाळी काय फुलतो, सगळा वाफा झगमगतो, आणि ऊन चढलं की पाकळ्या मिटून गप्प. काका त्याला 'हाफ डे' म्हणायचे. गुलबक्षी संध्याकाळी उमलते म्हणून ती 'सेकंड शिफ्ट'. या दोघांना आणि मोगऱ्याला पुढच्या अंगणात प्रवेश नव्हता. ती सगळी काकूंच्या ताब्यातल्या, स्वयंपाकघरामागच्या पट्टीत राहायची.

माणसांनाही ते असेच वाफ्यांत बसवायचे. कुणी बारमाही, कुणी हंगामी, कुणी कुंडीतला. माझ्या आयटी पार्कमधले सगळे सहकारी त्यांच्या मते पॉलिहाऊसमधले. एकदा माझा मॅनेजर मला सोडायला घरापर्यंत आला, तर काकांनी त्याला फाटकाशी अर्धा तास गप्पांत धरून ठेवलं. तो गेल्यावर मला म्हणाले, "चांगला आहे, पण एसीतून काढलास तर दोन दिवसांत पानं गळतील."

मी राहायला गेले त्या वर्षी अंगण भडक होतं, पण त्यात काहीतरी बेत होता. पुढच्या वर्षी ते आणखी भडकलं. त्याच्या पुढच्या वर्षी त्याच्याकडे बघताना मला डोळे बारीक करावे लागले. काका मात्र उलटंच सांगायचे. हल्लीच्या फुलांत रंगच राहिलेला नाही, बियाण्यात भेसळ आहे, पूर्वीची झिनिया पाहिली असतीस तर कळलं असतं. रोपवाटिकेतल्या बाईशी ते यावरून हुज्जत घालायचे आणि ती आपली आणखी भडक, आणखी भडक रोपं काढून दाखवायची. एका उन्हाळ्यात फाटक रंगवायला घेतलं. रंगारी डबा ढवळत होता आणि काका मागे उभे राहून सांगत होते, अजून चढव, अजून चढव. शेवटी रंग असा केशरी झाला की रिक्षावाले आमचा पत्ता सेक्टरवरून सांगायचं सोडून 'ते भडक गेट' असा सांगू लागले. गल्लीतली पोरं आमच्या अंगणाला सर्कस म्हणायची. मोठी माणसं काही म्हणायची नाहीत. ज्याच्या डोळ्यावर कारखाना चालला, त्याला रंगातलं कोण सांगणार?

एका रविवारी मी काका-काकूंना घेऊन खाडीवर गेले. फ्लेमिंगो आले होते. चिखलावर गुलाबी शेला वाळत घातल्यासारखा थवा पसरला होता, लोक फोन वर करून फोटो काढत होते. काका बराच वेळ बघून म्हणाले, हे तर बगळे आहेत. मी म्हटलं, काका, गुलाबी आहेत की. ते म्हणाले, "गुलाबी कुठले? जुन्या बनियनचा रंग आहे." मी काकूंकडे बघितलं. काकू पाण्याकडे बघत होत्या.

परत येताना माझ्या लक्षात आलं, की काकू रस्त्याच्या बाजूनं चालत होत्या आणि काकांना त्यांनी आतल्या बाजूला घेतलं होतं. पूर्वी उलटं असायचं. घरी आल्यावर, काका अंघोळीला गेलेले बघून, त्यांनी मला सांगितलं, की मोतीबिंदू आहे. चष्म्याच्या दुकानदारानं कधीच सांगितलंय, पण हे म्हणतात, त्याला चष्मा खपवायचाय. मुलीनं सांगितलं, तर फोन ठेवून दिला. तिन्हीसांजेला पायरी चुकते, नडगी फुटते, तरी म्हणतात, पायरीच नीट बांधलेली नाही.

मी विचारलं, घाबरतात का ऑपरेशनला?

"सुईला नाही घाबरत," काकू म्हणाल्या. "आयुष्यभर या डोळ्याचा मान खाल्लाय. तो गेला म्हणायचं कसं? मी म्हणू शकत नाही, मग ते कसे म्हणतील?"

काकूंनी ते म्हटलं नाहीच. मीही नाही. जे झालं ते शेजारच्या कुंड्यांमुळे झालं.

शेजारच्या घरात एक तरुण जोडपं राहायला आलं. दोघंही सकाळी जायची ती रात्रीच दिसायची. त्यांनी दाराशी दोन मोठ्या कुंड्या ठेवल्या. त्यांत लालभडक फुलांची, गोल, गच्च भरलेली रोपं. काकांनी ती कुंपणावरून बघितली आणि आधी हसले. पाणी घालायला घरात कोणी नाही, चार दिवसांत काड्या होतील. चार दिवसांनी ते दुपारी कुंपणाशी गेले. पानही हललं नव्हतं. मग रोज दुपारी जायला लागले. तो मे असा तापला होता, की आमच्या गलार्डियानंसुद्धा मान खाली घातली होती, काकूंच्या मोगऱ्यावर ओलं फडकं टाकावं लागत होतं. आणि शेजारची दोन रोपं मात्र परेडला उभी असल्यासारखी. काकांना आधी हेवा वाटला, मग हेव्याचा आदर झाला. दुसऱ्याच्या बागेला कधी बरं न म्हणणारा हा माणूस दूध केंद्रावर लोकांना सांगू लागला, की आमच्या शेजारी एक झाड आहे, असं मी जन्मात पाहिलं नाही.

रविवारी ते जोडपं घरी आहे असं बघून काका निघाले. अंगात इस्त्रीचा शर्ट. एका हातात कात्री, दुसऱ्या हातात फांदी गुंडाळायला ओलं फडकं. काकूंना आणि मला त्यांनी सोबत घेतलं, कारण मागायला एकट्यानं जाणं बरं दिसत नाही. दार त्या मुलीनं उघडलं. काकांनी हात जोडले आणि छोटंसं भाषणच केलं. इतकी वर्षं नवी मुंबईत काढली, पण या उन्हात असं उभं राहणारं झाड पाहिलं नाही. तुमची परवानगी असेल तर एक फांदी नेईन. आणि मुख्य म्हणजे, याला तुम्ही घालता काय?

ती मुलगी गोंधळली. तिनं आमच्याकडे बघितलं, मग कुंडीकडे.

"घालत काही नाही, काका," ती म्हणाली. "महिन्यातून एकदा पुसते."

काकांना वाटलं ती गंमत करतेय, म्हणून ते हसले आणि वाकून त्यांनी एक पाकळी चिमटीत धरली. मग हसू थांबलं. कारखान्यात रंगाचा थर तपासताना करत असतील तशी त्यांनी ती पाकळी अंगठ्यानं हळूहळू चोळली. मुलगी कसनुशी झाली होती, तिला काय चुकलं तेच कळेना. काका सरळ उभे राहिले, ओलं फडकं घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "शेड चांगली आहे." आणि घरी आले.

काकू त्या दिवशी एकदाही हसल्या नाहीत. काका स्टुलावर बसून राहिले. ऊन उतरल्यावर त्यांनी मला खाली बोलावलं आणि फाटकाकडे बोट करून रंग कोणता ते विचारलं. मी म्हटलं, केशरी. केशरी म्हणजे कसा? आता खरं सांगायला हवं होतं. मी म्हटलं, रस्ता खणतात तिथं अडथळे लावतात ना काका, तसा.

मला तो लोखंडाला आधी लावतात त्या तपकिरी प्रायमरसारखा दिसतो, असं ते म्हणाले. मग म्हणाले, डॉक्टरकडे कधी जायचं ते तुझ्या काकूला विचार.

वाशीच्या दवाखान्यात एका डोळ्याचं ऑपरेशन आधी झालं, दुसऱ्याचं मागाहून करायचं होतं. आत जाण्याआधी त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, की बसवणार ते भिंग कोणत्या शेडचं. त्या म्हणाल्या, पारदर्शक. काका म्हणाले, नुसतं पारदर्शक असं काही नसतं, त्यात एक तर पिवळी झाक असते नाहीतर निळी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मग बघून तुम्हीच मला सांगा. या उत्तरावर ते खूश होऊन आत गेले.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि काळा चष्मा लावून आम्ही त्यांना घरी आणलं. वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, म्हणजे बाग बंद. पाणी प्यायला ते स्वयंपाकघरात गेले. मागचं दार उघडं होतं. काकू पूजेसाठी गोकर्णीची फुलं तोडत होत्या. ती वेल काकांनी पुढच्या अंगणातून कधीच हद्दपार केली होती. दारात काळं फूल नको, म्हणून. काकांनी काळा चष्मा कपाळावर सरकवला.

"हे कधी लावलंस?"

"लेक सासरी गेली त्या पावसाळ्यात," काकू म्हणाल्या.

"निळं आहे."

"निळंच असतं ते."

काकांनी एक डोळा झाकला. मग तो उघडून दुसरा झाकला. पुन्हा पहिला. नव्या डोळ्यानं निळं, जुन्या डोळ्यानं काळपट, असं त्यांनी आम्हाला चारचारदा सांगितलं. काकूंच्या हातातलं तबक त्यांनी स्वतःच्या हातात घेतलं आणि त्यातली फुलं बघत ते तसेच दारात उभे राहिले. काकूंनी मला खूण केली, तशी मी तिथून निघून वर गेले.

पुढचे दोन दिवस ते घरभर एक डोळा झाकत हिंडत होते. दूध, भिंत, कॅलेंडर, काकूंच्या कपाळाचं कुंकू. जुन्या डोळ्यानं सगळं चहातून बघितल्यासारखं दिसतं, म्हणाले. आपले पांढरे शर्ट पिवळे पडलेत म्हणून ते कित्येक वर्षं काकूंच्या धुण्याला नावं ठेवत आले होते. त्यांनी कपाट उघडून एकेक शर्ट नव्या डोळ्यासमोर धरला आणि काकूंचं धुणं उत्तम असल्याचं जाहीर केलं. काकू म्हणाल्या, साबण बदलला म्हणून असेल.

पुढचं अंगण मात्र आम्ही टाळत होतो. पडदा ओढून ठेवला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःच दार उघडून पायरीवर आले. बोगनवेल ऐन भरात होती. राणी रंगाखाली लाल, लालाखाली केशरी, त्याला लागून पिवळा, आणि या सगळ्यांपुढे ते फाटक. काका डावीकडून उजवीकडे सावकाश बघत गेले. मग वळले आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. प्लास्टिकच्या फुलाचं त्यांना एवढं लागलं नव्हतं. काकूंना म्हणाले, रंगात केसाएवढा फरक पडला तरी सगळा माल परत घ्यायचो मी, आणि माझ्याच दारात हे. सगळी बाग उपटायची, फाटक राखाडी करायचं, असं त्यांनी ठरवलं. रोपवाटिकेतल्या बाईला फोन करून सांगितलं, की येऊन सगळं घेऊन जा. ती म्हणाली, भर उन्हाल्यात झाडं उपटली त मरतील, पाऊस पडू दे. काका म्हणाले, मरू देत. त्यांच्या तोंडून झाडाबद्दल असं मी पहिल्यांदाच ऐकलं.

उपटण्याआधी त्यांना एकच गोष्ट हवी होती. ते गल्लीत घरोघर जाऊन विचारू लागले, की तुम्ही मला सांगितलं का नाही. लोकांची पंचाईत झाली. कुणी म्हणालं, मुलांना आवडते हो तुमची बाग. कुणी म्हणालं, रिक्षा लवकर सापडते. काका मान हलवायचे आणि पुढच्या घरी जायचे. मी त्यांच्याबरोबर होते, कारण नव्या डोळ्यावर ऊन येऊ नये म्हणून काकूंनी मला छत्री देऊन पाठवलं होतं.

अगदी समोर, पहिल्या मजल्यावर, बीडकडचं एक कुटुंब राहायचं. त्यांच्याशी आमचं येता-जाता 'काय, बरं आहे ना' एवढंच. काकांनी तिथंही तोच प्रश्न विचारला, बाग उपटतोय हेही सांगितलं. दार सुनेनं उघडलं होतं. ती म्हणाली, उपटणार असाल तर आधी आमच्या आत्याबाईंना भेटा. तिनं आम्हाला आतल्या खोलीत नेलं. खिडकीशी खुर्चीत एक आजी, तिच्या सासूबाई, बसल्या होत्या. काचबिंदूनं त्यांची नजर गेलेली. उपचार उशिरा झाले, गेलं ते परत येणार नव्हतं. उरलं होतं ते धुकं. सून म्हणाली, माणसाचा चेहरा दिसत नाही त्यांना, ताटातलं दिसत नाही, पण समोरची तुमची बाग दिसते. उजाडलं की खुर्ची खिडकीत ओढायला सांगतात.

काका आजींसमोर खाली बसले. आजींनी आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं.

"तुमच्या दारात रोज लगीन असल्यावानी दिसायलंय," त्या म्हणाल्या. "म्या सुनंला म्हनलं, मानूस हौशी हाय."

काकांनी काळा चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग हळूच विचारलं, लाल दिसतो का. आजी म्हणाल्या, लाल काळा पडतो पानांत. राणी? दिसतो थोडा, सकाळी. केशरी? बरा दिसतो. आणि फाटक? फाटक तर भिंतीएवढं दिसतं, त्या म्हणाल्या, फाटकावरनं तर कळतं की ऊन कुठवर आलं. काका एकेक शेड विचारत गेले. कारखान्यातला त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तो असाच असणार. सुनेनं चहा आणला, तो गार झाला.

जिना उतरताना त्यांनी मला छत्री मिटायला सांगितली. राखाडी रंगाचा विषय पुन्हा निघाला नाही. रोपवाटिकेतल्या बाईला त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं, की येऊ नकोस.

पावसाळा गेला, दुसरा डोळा झाला, आणि थंडी सरत आल्यावर उन्हाळी फुलं निवडायची वेळ आली. अंगणाची त्यांनी वाटणी केली होती. खिडकीतून आपल्याला दिसते ती बाजू आपली. तिथं फिकट झिनिया, पांढरी सदाफुली आणि काकूंची गोकर्ण, मानानं पुढे आणलेली. समोरच्या खिडकीतून दिसते ती बाजू आजींची. तिथं काय लावायचं ते काका ठरवणार नव्हते.

एका सकाळी त्यांनी रोपवाटिकेतून फुललेल्या कुंड्या मागवून फाटकाशी मांडल्या. आजींची खुर्ची खिडकीत, सून मागे उभी. काका एकेक कुंडी डोक्याच्या वर धरायचे आणि आजींकडे तोंड करून गल्लीतून मागे मागे चालत जायचे. जवळून काय, सगळीच दिसतात, म्हणाले. दिसेनासं होईल तिथं आजींनी हात वर करायचा. मी कुंड्या पुरवत होते. मागे चालताना ते कशावर आपटू नयेत म्हणून काकू त्यांच्याही मागे. गल्लीतले लोक दारात येऊन बघत होते. प्लास्टिकच्या फुलांवाली मुलगी ऑफिसची बॅग खांद्याला लावून थांबली होती.

लाल झिनिया शेजारच्या फाटकापर्यंतही पोचली नाही. राणी रंगाची बोगनवेल थोडी पुढे गेली. केशरी कॉसमॉस पार विजेच्या डीपीपर्यंत गेला, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी काकांनी पिवळ्या झेंडूची कुंडी उचलली. शेजारचं फाटक गेलं, डीपी गेला, गल्लीचा कोपरा आला. आजींचा हात खालीच. कोपऱ्यावर भाजीची गाडी आडवी लागली होती, ती हलवायला सांगायला काकू पुढे गेल्या होत्या आणि भाजीवाल्याशी त्यांचं काहीतरी चाललं होतं. काका थांबले. ओरडून विचारलं, दिसतंय का. आजी म्हणाल्या, दिसायलंय की, पिवळं, लई मोठं.

एवढ्या लांबून एवढीशी कुंडी? काकांना शंका आली. त्यांनी कुंडी हळूच खाली ठेवली, तिच्यापुढे पाय आडवा घातला आणि पुन्हा विचारलं.

"आजून दिसायलंय," आजींनी खिडकीतून सांगितलं. "पन ते हालायलंय."

काकांनी मागे वळून बघितलं. भाजीच्या गाडीशी काकू उभ्या होत्या, हळदीच्या रंगाची साडी नेसून, पदर खोचून, हातात मेथीची जुडी घेऊन भाजीवाल्याला काहीतरी समजावत होत्या. ऊन थेट त्यांच्यावर पडलं होतं.

काका हसायला लागले. असे हसले की त्यांना कमरेवर हात ठेवून उभं राहावं लागलं. मग खिडकीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "आजी, त्याचं बी मिळत नाही."

सगळी गल्ली हसली. समोरच्या सुनेनं आजींच्या कानाशी वाकून काय झालं ते सांगितलं, तशा आजीही हसू लागल्या. एकट्या काकूंनाच काही कळलं नव्हतं. मेथीची जुडी हातात घेऊन त्या परत यायला निघाल्या आणि काय झालं, म्हणून विचारू लागल्या.

"काही नाही," काका म्हणाले. "तू जरा तिथंच उभी राहा."